गोल पाठीच्या खुर्चीची कमान साच्यातून काढल्यावर का फाकते?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय याची खात्री होईल. वडिलांसाठी तुम्हाला गोल पाठीची खुर्ची करायची आहे. पाठ आणि दोन्ही हात मिळून घोड्याच्या नालासारखी एकच सलग कमान. त्यासाठी तुम्ही भट्टीत वाळवलेल्या सागाच्या ६ मिमी जाडीच्या ५ पट्ट्या घेतल्या, नेहमीचा पांढरा गोंद लावला, प्लायवूडच्या साच्यावर आवळल्या आणि सहा तासांनी सोडवल्या. सगळ्यात बाहेरची पट्टी आवळतानाच तडकली होती. दोन हातांमधलं अंतर साच्यावर ५४ सेंमी होतं, ते सोडवताक्षणी जवळपास ५ सेंमीने वाढलं आणि पुढच्या पंधरा दिवसांत आणखी अडीच सेंमी. आता तुम्ही विचारताय की लाकूड बदलू, वाफेवर वाकवू, की क्लॅम्प वाढवू?

माझ्या मते यातलं एकही मूळ दुखणं नाही. तुमच्या कमानीला तीन वेगवेगळ्या गोष्टी झाल्या आहेत आणि तिन्हींची कारणं वेगळी आहेत. पट्टी तडकली ती जाडीमुळे. सोडवताच फाकली ती पट्ट्यांच्या संख्येमुळे. नंतर हळूहळू फाकत राहिली ती गोंदामुळे. तिन्हींचा हिशेब साचा करण्याआधी कागदावर करता येतो, आणि तो करायची सवय लागली की हे काम नशिबावर राहत नाही.

आधी तडकण्याचं बघू. पट्टी वाकते तेव्हा तिची बाहेरची कातडी ताणली जाते आणि आतली दाबली जाते. किती ताणली जाते, तर पट्टीची निम्मी जाडी भागिले वळणाची त्रिज्या. तुमच्या कमानीची त्रिज्या मधल्या रेषेवर २७० मिमी, म्हणजे ६ मिमीच्या पट्टीला ३ भागिले २७०, साधारण १.१ टक्के ताण. कोरडं लाकूड एक टक्क्याच्या आसपास तुटायला येतं. त्यामुळे तुमची एकच पट्टी तडकली याचंच मला आश्चर्य वाटलं. बाकीच्या चार सरळ रेषांच्या, म्हणजे लाकडाचे धागे लांबीने सरळ जाणाऱ्या, निघाल्या असणार. मी स्वतः त्रिज्येला जाडीने भागतो. उत्तर शंभराच्या वर आलं तर निर्धास्त. साठ-सत्तर आलं तर पट्ट्या निवडून घ्याव्या लागतात. पन्नासच्या खाली मी जात नाही. तुमचं उत्तर ४५ येतं. २.५ मिमीची पट्टी घेतली तर १०८.

आता सोडवताच फाकण्याचं. पट्टीचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात असतो: जाडी निम्मी केली की ताठपणा आठव्या हिश्शावर येतो. पाच सुट्या पट्ट्या वाकवायला लागणारा जोर आणि त्याच पाच चिकटून एक झालेल्या ठोकळ्याचा ताठपणा यांच्यात पाचाच्या वर्गाचा, म्हणजे २५ पटींचा फरक पडतो. साच्यातून सुटल्यावर प्रत्येक पट्टी सरळ व्हायला बघते, पण आता तिला अख्खा ठोकळा ओढून न्यायचा असतो. म्हणून दिलेल्या वळणातला २५ वा हिस्सा परत जातो. अर्ध्या वर्तुळाच्या १८० अंशांतले सव्वासात अंश गेले. त्यापुढे तुमचे हात २० सेंमी सरळ आहेत, ते हा कोन आणखी लांब फेकतात. मी मांडून पाहिलं: प्रत्येक टोक सुमारे २३ मिमी बाहेर, दोन्ही मिळून साडेचार सेंमीच्या वर. तुम्ही मोजलेल्या आकड्याच्या अगदी जवळ! म्हणजे तुमच्या आवळण्यात काही चूक नव्हती. कमान हिशेबाप्रमाणेच फाकली.

हाच हिशेब १२ पट्ट्यांना लावा. बाराचा वर्ग १४४. परत जाणारं वळण एक टक्क्याहूनही कमी, आणि टोकं प्रत्येकी सुमारे ४ मिमी सरकतात. एवढं साच्यातच सामावून घेता येतं. तुम्ही लाकूड बदललं असतं आणि पट्ट्या पाचच ठेवल्या असत्या, तर फरक फार थोडा पडला असता.

तिसरी गोष्ट गोंदाची, आणि इथे मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण ही चूक मी स्वतः केली आहे. कारखाना सुरू केल्यावर तिसऱ्या का चौथ्या वर्षी सहा खुर्च्यांच्या पाठी मी पांढऱ्या गोंदाने चिकटवल्या. सांधे सुरेख बसले होते, रंधा मारल्यावर जोड दिसतही नव्हते. खुर्च्या विदर्भात गेल्या. पहिल्याच मे महिन्यानंतर ग्राहकाने बोलावलं. पाठींच्या कडेवरून बोट फिरवलं तर प्रत्येक जोडावर बारीक पायरी लागत होती आणि सहाही पाठी कमी-अधिक सरळ झाल्या होत्या. एकही सांधा सुटलेला नव्हता. गोंद घट्ट धरून होता आणि तरीही पट्ट्या एकमेकींवरून सरकल्या होत्या. सहाही पाठी मी नव्याने करून दिल्या.

पांढरा पीव्हीए गोंद वाळल्यावरही किंचित लवचीक राहतो आणि उष्णतेने मऊ होतो. दाराची चौकट, खण, कुसू-भोकाचा सांधा यांना तो उत्तम, कारण तिथे लाकूड कायम ओढत नसतं. वाकवून चिकटवलेल्या कमानीत मात्र प्रत्येक पट्टी जन्मभर सरळ व्हायला धडपडते, आणि तो सततचा ताण मऊ गोंदाला हळूहळू सरकवतो. पाण्याला टिकणारा पांढरा गोंदही इथे त्याच जातीचा. पाणी सोसणं वेगळं आणि सतत ताण सोसणं वेगळं. तुमचे नंतरचे अडीच सेंमी यातलेच.

अशा कामाला वाळून दगडासारखा कडक होणारा गोंद हवा. आपल्याकडे सहज मिळणारे पर्याय दोन. एक युरिया फॉर्मल्डिहाइड, साध्या घरगुती प्लायवूडमध्ये वापरतात तो. स्वस्त, कडक, न सरकणारा. पण त्याचा वास डोळ्यांना झोंबतो, बंद खोलीत वापरू नये, आणि उष्ण दमट हवेत वर्षानुवर्षं राहून तो ठिसूळ होत जातो. दुसरा इपॉक्सी, सावकाश घट्ट होणारा. महाग आहे, पण तुम्ही रत्नागिरीला राहता आणि एकच खुर्ची करताय, तेव्हा मी बेलाशक इपॉक्सीच सांगेन. त्यात पाणी नसल्याने पातळ पट्ट्या फुगत नाहीत, हाही मोठा फायदा. पाच मिनिटांत घट्ट होणारा घेऊ नका. बारा पट्ट्यांना गोंद लावून होईपर्यंत डब्यातला गोंदच घट्ट होईल. आणि हातमोजे घाला. इपॉक्सीची ॲलर्जी एकदा जडली की जात नाही. मी असे दोन चांगले कारागीर पाहिलेत ज्यांना हे काम कायमचं सोडावं लागलं.

वाफेबद्दल विचारलंत म्हणून सांगतो. इराण्याच्या हॉटेलातली गोल पाठीची काळी खुर्ची तुमच्या डोळ्यांसमोर आहे. ती पट्ट्यांची नाही. अखंड बीच लाकूड वाफवून वाकवलेली आहे. त्या घराण्याचा मूळ पुरुष मिखाएल थोनेट. गंमत अशी की १८३०च्या दशकात जर्मनीतल्या बोपार्ड गावी त्याने सुरुवात केली ती तुमच्यासारखीच, पातळ पट्ट्या सरसात उकळून साच्यात वाकवण्याने. अखंड लाकडाकडे तो नंतर वळला आणि १८५९ साली त्याची १४ नंबरची प्रसिद्ध खुर्ची आली. वाफवलेलं लाकूड दाबलं तर पुष्कळ दबतं, पण ताणलं तर दीड-दोन टक्क्यांपलीकडे ताणत नाही. म्हणून त्याने बाहेरच्या बाजूला पोलादी पट्टी बांधली, म्हणजे लाकूड ताणलंच जाणार नाही, फक्त दबेल. युक्ती थोर आहे. पण ती बीच, ॲश असल्या लाकडांना, आणि तीही अर्धवट ओली असताना, मानवते. भट्टीत वाळवलेला साग वाफेला फारशी दाद देत नाही. तुमच्याकडे लाकूड कोरडं आहे, तेव्हा पट्ट्यांचा रस्ताच बरोबर आहे.

अखंड फळीतून कमान कापून काढायचा विचार कुणी सुचवला तर नको म्हणा. वळणावर रेषा आडव्या तुटतात आणि हात तिथेच मोडतो. आपले जुने सुतार नांगराला मुळातच वाकडी वाढलेली बाभूळ शोधायचे, तुमच्याकडच्या होड्यांच्या बरगड्याही वाकड्या फांद्यांतून निघायच्या, ते याच कारणाने. रेषा वळणाबरोबर वळली पाहिजे. आपण पट्ट्यांनी तेच साधतो.

आता प्रत्यक्ष कामाकडे. जाडी ३० मिमी हवी, म्हणजे २.५ मिमीच्या १२ पट्ट्या. लांबी दीड मीटर घ्या, त्यात दोन्ही टोकांना १० सेंमी फाजील आलं. रुंदी ५० मिमी घ्या, ती शेवटी ४० होईल. सागात वाळूसारखी कठीण सिलिका असते, साधं पातं बघता बघता बोथट होतं, तेव्हा कार्बाइड टोकांचं पातं लावा. टेबल सॉचं पातं दर कापाला ३ मिमी खातं. पट्टी ३.३ मिमीची कापून रंध्याने २.५वर आणायची धरली तर १२ पट्ट्यांना साडेसात सेंमी जाडीचं लाकूड लागतं आणि निम्म्याहून अधिक भुसा होतो. जवळपास कुणाकडे बँडसॉ, म्हणजे पातळ पट्टापात्याची करवत, असेल तर पट्ट्या तिथे कापून घ्या. तेच काम सव्वापाच सेंमीत होईल. टेबल सॉवरच कापणार असाल तर पातळ पट्टी पात्याच्या मोकळ्या बाजूला पडेल अशी मांडणी करा. ती पातं आणि कुंपणपट्टी (कापताना लाकूड टेकवायची पट्टी) यांच्यात अडकली की बाणासारखी मागे येते.

कापण्याआधी लाकडाच्या टोकाला आणि वरच्या कडेवर आरपार तिरकी रेघ मारून ठेवा. पट्ट्या त्याच क्रमाने परत लागल्या की रेषा जुळते आणि चिकटवलेलं लाकूड अखंड दिसतं. मग प्रत्येक पट्टी कोरडीच साच्यावर हाताने वाकवून बघा. गाठ असेल, रेषा कडेतून बाहेर पळत असेल, तर ती आत्ताच तुटेल, आणि आत्ताच तुटलेली बरी. म्हणून मी नेहमी तीन पट्ट्या जास्त कापतो.

साचा १८ मिमी प्लायवूडच्या तीन थरांचा करा. आतल्या कडेची त्रिज्या तुमच्या हिशेबाने २५५ मिमी येते. तिथे २५३ धरा आणि हातांचे सरळ भाग टोकाला आणखी २ मिमी आत झुकवा. असं केलं की टोकं साच्यावर प्रत्येकी ४ मिमी आत बसतात आणि सुटल्यावर जागेवर येतात. लाकूड काही गणिताचं पुस्तक वाचून येत नाही, दोन-तीन मिमीचा फरक राहील, तो पायांच्या सांध्यात निघून जातो. पाच सेंमी मात्र सांध्यात ओढून बसवू नका.

बाहेरून दाबायच्या साच्यात एक चूक सर्रास होते. एकाच कापाने प्लायवूड दोन भागांत चिरतात, एक आतला, एक बाहेरचा. दोघांची त्रिज्या एकच, आणि मध्ये ३० मिमी जाडीचा जिन्नस आला की ते बाजूंना आधी टेकतात आणि मधोमध दाबच पडत नाही. तुमच्या फोटोत जोडात जी काळी फट दिसते ती यामुळेच, असं मला वाटतं. मी बाहेरचा साचा करतच नाही. ३ मिमी प्लायच्या दोन पट्ट्यांचा लवचीक पट्टा बाहेरून घेतो आणि त्यावर सुटे ठोकळे, एकेका क्लॅम्पला एक. ठोकळ्याचं वळण साचा, पट्ट्या आणि पट्टा मिळून कापायचं: २५३ अधिक ३० अधिक ६, म्हणजे २८९. आतल्या साच्यात कडेपासून ६० मिमीवर क्लॅम्पच्या जबड्यासाठी भोकं पाडा. दर ९ सेंमीला एक क्लॅम्प धरला तर पंधरा-सोळा लागतील. एवढे नसतील तर सायकलची जुनी ट्यूब उभी चिरून ताणून गुंडाळा. सरळ भागावर तिचा दाब कमी पडतो, पण गोलाईवर ती फार सुंदर काम करते. साच्याला आणि पट्ट्याला पॅकिंगची चिकटपट्टी लावायला विसरू नका, नाहीतर कमान साच्यासकट फर्निचर होईल.

गोंद लावण्याआधी एक पूर्ण कोरडी तालीम करा, सगळ्या क्लॅम्पसकट, घड्याळ लावून. माझ्याकडे नवीन मुलगा आला की त्याच्याकडून मी ही तालीम तीनदा करून घेतो. कोणता क्लॅम्प कुठे, कोण काय धरणार, हे हाताला माहीत असलं पाहिजे. हे काम एकट्याने करू नका.

साग तेलकट असतो. पट्ट्यांना ८० नंबरचा पॉलिश पेपर हलका मारा, ॲसिटोनने पुसा आणि अर्ध्या तासात चिकटवा. अकरा जोडांना मिळून साधारण २०० ग्रॅम इपॉक्सी लागेल. ३०० धरा आणि दोन खेपांत कालवा. कालवलेला गोंद खोल डब्यात ठेवला की स्वतःच्याच उष्णतेने तापून लवकर घट्ट होतो, म्हणून पसरट ट्रेमध्ये ओता. उन्हाळ्यात पहाटेची वेळ निवडा. तापमान दहा अंशांनी वाढलं की हातातला वेळ जवळपास निम्मा होतो. दोन्ही बाजूंना पातळ थर द्या, पट्ट्यांची चळत सरकू नये म्हणून मधोमध एक सैल फास बांधा, मध्यावरची खूण साच्याच्या खुणेला लावा आणि आवळायला मधूनच सुरुवात करून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असे टोकांकडे जा. टोकांपासून सुरू केलंत तर पट्ट्यांना सरकायला जागा राहत नाही आणि मध्ये पोकळी राहते. जोडांतून गोंदाचे बारीक मणी सगळीकडे सारखे दिसले की थांबा. इपॉक्सीला जीव खाऊन आवळायचं नसतं, सगळा गोंद बाहेर पडतो आणि जोड कोरडा राहतो.

चार-पाच तासांनी बाहेर आलेला गोंद रबरासारखा होतो, तेव्हा पटाशीने काढून टाका. दुसऱ्या दिवशी तो काचेसारखा होईल. रंध्याची पाती जातील आणि हातही कापेल. साच्यात पूर्ण २४ तास ठेवा, हवा पावसाळी असेल तर ३६. सहा तासांत काढायची घाई पुन्हा नको.

एक गोष्ट तुमच्या हवामानाची. अशी कमान पावसाळ्यात किंचित उघडते आणि कोरड्या दिवसांत किंचित मिटते. लाकूड दमट हवेत जाडीत फुगतं पण लांबीत जवळजवळ नाही, त्यामुळे जाडी वाढली की त्याच लांबीत वळण थोडं कमी बसतं. यावर इलाज नाही आणि गरजही नाही, पण त्यासाठी पट्ट्या घरात दोन-तीन आठवडे ठेवून मगच कापा, आणि जमलं तर हे काम जानेवारी-फेब्रुवारीत करा. जुलैत चिकटवलेली कमान वर्षभर मिटत राहिल्यासारखी वाटेल.

जी फाकलेली कमान तुमच्याकडे आहे ती ओढून बसवायच्या फंदात पडू नका. ती तडकलेली आहे आणि पांढऱ्या गोंदाची आहे. वडील हातावर भार देऊन उठतील तेव्हा ती तिथेच दगा देईल. तिचे तुकडे साच्याच्या ठोकळ्यांना उपयोगी पडतील.

नवी कमान साच्यातून निघाली की लगेच सांधे आखू नका. एक कड रंध्याने सरळ करा आणि आठवडाभर सावलीत, दोन्ही बाजूंनी वारा लागेल अशी टांगून ठेवा. निघताक्षणी, दुसऱ्या दिवशी आणि आठव्या दिवशी दोन टोकांमधलं अंतर मोजून आतल्या बाजूला पेन्सिलीने तारखेसकट लिहा. शेवटचे दोन आकडे जुळले की त्याच अंतरावर बैठकीच्या चौकटीतल्या पुढच्या पायांची जागा ठरवा आणि मग पायांच्या कुसवांसाठी कमानीत भोकं पाडा.